जनरल रजिस्टर

नंबर एक : सोलकर हसन इब्राहिम.
जन्मतारीख एक जून.
आमच्याकडे निम्मं गाव एक जूनलाच जन्मलेलं,
कारण सरांना तारीख हवी असायची
आणि आयांना आठवायची फक्त
भरती होती की सुकती.

मी खारवडे हायस्कूलचा क्लार्क. बत्तीस वर्षं याच टेबलाशी.
संस्थेचं पत्र आलंय : पटसंख्येच्या अहवालासोबत
शाळेचा इतिहास जोडावा, एका पानात.

एका पानात.

तर शाळा सुरू झाली मिठाच्या गोदामात.
भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यावर पांढरे नकाशे उठायचे.
गोठणकर सर म्हणायचे, फिर रे इकडे,
बघा, हे आफ्रिकेचं शिंग.
नाव ठेवलं न्यू इंग्लिश स्कूल.
इंग्रजी तेव्हा गावात तिघांना यायची :
सर, पोस्टमास्तर,
आणि बोटीवरून निवृत्त झालेला एक सारंग.
सारंगाची शिव्यांपुरतीच, पण उच्चार साहेबाचे.

हसन पलीकडच्या मोहल्ल्यातून होडीनं पोरं आणायचा.
होडी भरतीवर, म्हणून घंटाही भरतीवर,
रोज पाऊण तास पुढे.
इन्स्पेक्टरांचा शेरा : 'वेळ अनियमित. खुलासा करावा.'
सरांचा खुलासा, जावक क्रमांक सतरा, प्रत माझ्याकडे आहे :
'समुद्रास कळविले आहे.'

इमारत परळच्या खोल्यांतून आली,
दर पगाराला थोडी थोडी.
पावतीपुस्तकात रुपये नाहीत, चिरे आहेत.
पाष्टे रावजी भिकू, चिरे तीन,
आणि सहीच्या जागी अंगठा.
पश्चिमेच्या भिंतीत त्याचे तीन कुठले,
ते आता जांभ्यालाच माहीत.
नातू येऊन विचारून गेला. मी अंदाजानं हात ठेवला एका चिऱ्यावर,
त्यानं फोटो काढला.

एकेचाळीस नंबरला पहिली मुलगी : कुबल चंद्रभागा अर्जुन.
शेरा : 'मासळी सुकवण्याच्या दिवसांत गैरहजर.'
शाळा सोडल्याचं कारण : कोरं.
तो रकाना इतरांचा कसा भरलेला आहे,
लग्न, बोटीवर गेला, लग्न, मुंबई, मुंबई, लग्न,
सरांनी हिचाच का सोडला
मला कधी कळलं नाही.

ब्याऐंशीला पट एकदम फुगला. संप.
गिरण्यांची पोरं आईबरोबर गावी आली,
व्हरांड्यात 'क' तुकडी बसवली.
त्यांना नळ हवा होता, आमच्याकडे विहीर होती.
वर्षभर वाटलं, ती परत जातील.
नववीत गेली, दहावीत गेली,
त्यातलाच एक मी.

मग अनुदान, मग प्रयोगशाळा,
मग एक कॉम्प्युटर, दोन वर्षं प्लास्टिकखाली झाकलेला,
खारी हवा लागेल म्हणून.

पूल आम्हीच मागितला. वीस वर्षं.
अर्जांच्या प्रती माझ्याच अक्षरात आहेत.
पूल झाला, आणि त्यावरून सकाळी पहिली आली
पिवळी बस, तालुक्याच्या इंग्लिश मीडियमची.
हसनची पणती खिडकीशी बसते.
एकदा बस थांबली होती तेव्हा तिनं पाटी वाचली,
म्हणाली, काका, तुमचं पण इंग्लिशच आहे ना?
म्हटलं, हो गं.
नावापुरतं.

यंदा पट एकोणीस.
शेवटचा नंबर चार हजार तीनशे बारा :
रोकाया सुनीता धनबहादूर, इयत्ता आठवी.
बाप हापूसच्या बागेत राखणीला.
जन्मसाल विचारलं तर म्हणाला, दोन हजार सदुसष्ट.
म्हटलं, बाबा, ते अजून यायचंय.
तो हसला. त्यांच्याकडे ते होऊन गेलंय.
मी पेन उचललं, सवयीनं एक जून लिहायला,
तर पोरगी म्हणाली, नाही सर,
मंसीर सात. आईला पक्कं ठाऊक आहे.

तिच्या तारखेचा मेळ अजून बसवतोय.
तोवर रकाना कोरा ठेवला आहे.

पान संपलं.
सोबत दुसरं जोडत आहे.
संस्थेने मान्य करावे, ही विनंती.